दुसरी रिंग

सुंदराच्या घरात फोन कानाला लावून बोलायची पद्धत फारशी नव्हती. फोन वाजायचा, वाजून बंद पडायचा, आणि नवरा-बायकोचं तेवढ्यातच सगळं बोलणं उरकायचं. लेक सोनाली हसून म्हणायची, "आई, आता फोटो पाठवता येतो, समोर बसल्यागत बोलता येतं, आन् तुमी दोघं अजून रिंगेवर!" सुंदरा तिला उलट विचारायची, "फोटोत काय दिसतंय गं? मेंढरंच ना?"

पद्धत काढली होती सिद्धूने, तिच्या नवऱ्याने. भाताची कापणी झाली की तो कळप घेऊन भरे गावातल्या घरातून बाहेर पडायचा. पौडच्या पुढे, धरणाच्या अंगाला, रिकाम्या झालेल्या शेतांत मेंढरं बसवायची. मेंढरं रातभर शेतात बसली की खत आयतं पडतं, म्हणून शेतकरी बोलावून नेत. संध्याकाळी शेतात खुंट्या ठोकून जाळी ताणायची, तिला वाघर म्हणतात. वाघरीत मेंढरं कोंडली की सिद्धूचा दिवस संपला. मग तो जवळच्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, चढायचा, फोन आभाळाकडे धरायचा आणि घरी एक रिंग द्यायचा. एक रिंग म्हणजे वाघर लागली, मी बरा हाय, तू जेव. लागोपाठ दोन रिंगा म्हणजे काहीतरी बिघडलंय, माणूस पाठव. आधी बोलायला पैसे पडायचे म्हणून ही युक्ती निघाली. पुढे बोलणं फुकटासारखं झालं, पण त्या डोंगरांत रेंज कुठून आणणार? हॅलो म्हणेस्तोवर तुटायचं. त्यामुळे रिंग टिकली ती टिकलीच.

दोन रिंगा उभ्या संसारात अगदी मोजक्या वेळा आल्या. एकदा कळपात तरस शिरलं तेव्हा, एकदा मेंढी अडली तेव्हा. एक रिंग मात्र रोजची. ती आली की सुंदराचा जीव भांड्यात पडायचा आणि मगच ती ताट वाढून घ्यायची. वाघर लागल्याशिवाय सिद्धूने कधी रिंग दिली नाही. ह्या एका बाबतीत तो घड्याळापेक्षा पक्का होता. बाकी बाबतींत, म्हणजे वेळेवर अंघोळ, दाढी वगैरे, त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं.

ती संध्याकाळ हळदीची होती. सुंदराच्या शेजारच्या बहिरूच्या पुतणीचं लग्न ठरलं होतं, दारात मांडव पडला होता, गाण्याने पत्रे थरथरत होते. सुंदरा नवं लुगडं नेसून, केसांत गजरा माळून फोनपाशी बसून होती. रिंग आल्याशिवाय घर सोडायचं नाही, हा तिचा नेम. दिवस मावळायला टेकला आणि फोन वाजला. एकदा. थांबला. "आली बाई एकदाची," असं ती मोठ्याने म्हणाली, आणि चुलीतली लाकडं मागे ओढून निघाली. दुसऱ्या रिंगेची वाट बघायची तिला कधी गरज पडली नव्हती, त्या दिवशीही पडली नाही. हळदीत ती पोटभर जेवली. बायकांनी ओढलं तेव्हा नाचलीसुद्धा. आणि फोन? फोन घरी फळीवर होता. वाजला असता तरी त्या गाण्यात ऐकू आला नसता.

सकाळी शेताच्या मालकाला सिद्धू टेपाखालच्या बांधाशी पडलेला सापडला. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात अंगाखाली. शेतकऱ्याने बहिरूला कळवलं, बहिरूने जीप केली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पक्षाघात सांगितला. वर म्हणाले, "पहिल्या काही तासांत आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं." हे वाक्य बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. त्यांना दिवसात दहा खाटा बघायच्या असतील, त्यांना काय बोल लावणार. पण सुंदरा त्या वाक्यापाशी थांबली ती थांबलीच.

एक रिंग आली होती, फोनातही तेवढी एकच दिसत होती, हे तिने कुणाला सांगितलं नाही. सोनालीला नाही, बहिरूला तर नाहीच. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या तिने बहिरूला उगीच विचारल्यासारखं विचारलं, "भावजी, वाघर लावल्याली व्हती का वो?"

"अर्धी उभी व्हती, अर्धी भुईला. मेंढरं निम्मी बाहीर."

"म्हंजी लावून पडली, का लावायचीच ऱ्हायली व्हती?"

"आता ते मला काय म्हाईत वैनी? माझं ध्यान त्याच्याकडं." बहिरूला वाटलं, बाईला ह्या वेळीही मेंढरांचीच पडलीय. त्याने तोंड फिरवलं.

त्याला काय कळणार तिचा हिशोब? वाघर पुरती लागली होती आणि रात्री मेंढरांनी पाडली असेल, तर ती रिंग खरी. सिद्धू बरा होता, नंतर कधीतरी कोसळला, तिचा काही दोष नाही. पण वाघर अर्धीच लागली असेल, तर सिद्धूने कधी नव्हे ती आधीच रिंग दिली. म्हणजे ती बरं असल्याची नव्हती. ती दोनांतली पहिली होती. दुसरी द्यायला एकतर हात उरला नाही, नाहीतर रेंज उरली नाही. आणि ती गजरा सावरत हळदीला निघून गेली. सुंदरा दोन्ही बाजूंनी विचार करायची आणि दर वेळी वाघर अर्ध्यावरच येऊन थांबायची. रडायलाही तिला चोरी झाली होती, कारण कोणी विचारलं असतं की का रडतेस, तर सांगायचं काय?

सिद्धू घरी आला तो खाटेवर. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. कळत सगळं होतं. नजर बोलणाऱ्याच्या तोंडावर असायची. मेंढरं बहिरूने आपल्या कळपात घेतली, घरापुरत्या शेळ्या राहिल्या. सोनाली पिरंगुटच्या कंपनीत पॅकिंगला जायची, सकाळी कंपनीची गाडी तिला न्यायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. दिवसभर घरात ही दोघंच. सुंदरा त्याला पुसायची, भरवायची, कुशीवर वळवायची, आणि तो तिच्याकडे बघत राहायचा. त्या बघण्याची तिला धास्ती बसली. ह्याला ठाऊक असेल का? ठाऊक असून बोलता येत नाही म्हणून गप्प असेल का? जगात एकच माणूस तिला खरं सांगू शकत होता, आणि नेमकी त्याचीच जीभ गेली होती.

दर गुरुवारी पौडहून अर्शी यायची. बाजारात तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान, ही व्यायामोपचार शिकलेली. स्कूटर दारात लावून आत येतानाच हुकूम सोडायची. "काका, डावा हात. वर. अजून वर. शेळी राखताय का व्यायाम करताय?" सिद्धूला ती आवडायची. तिनेच सुचवलं की ह्यांना हाक मारायला काहीतरी द्या, डावा हात पण चालता राहील. सोनालीने माळ्यावरून जुन्या बोकडाच्या गळ्यातली पितळी घंटा काढली, खाटेच्या वरच्या वाशाला टांगली, दोरी सिद्धूच्या डाव्या हाताशी सोडली. आणि कौतुकाने म्हणाली, "आबा, तुमचीच पद्धत. एकदा वाजवली म्हंजे बरं हाय. दोनदा वाजवली म्हंजे या."

सिद्धूचं अर्धं तोंड हसलं. सुंदरा मात्र घंटेकडे बघत जागीच उभी राहिली. पोरीला काही सांगताही येईना, आणि नको म्हणायला कारणही सापडेना.

सिद्धूला ती घंटा फार मानवली. इतक्या दिवसांत त्याच्या हाती काही आलं नव्हतं, आता एक बोलणं आलं. सुंदरा शेळ्यांपाशी असली, नळावर असली, की तो मधून एकदा दोरी ओढायचा. टण्ण. बरं हाय. पण ते टण्ण ऐकलं की सुंदरा हातातलं टाकून धावायची. धार काढताना चरवी लवंडली, तव्यावर भाकरी जळून कोळसा झाली, नळाखाली हंडा भरून वाहत राहिला. ती धापा टाकत खाटेशी येऊन उभी राहायची. "काय झालं? काय व्हतंय? कुटं दुखतंय?" सिद्धू डावा हात उचलून एक बोट दाखवायचा. एक. एकदाच वाजवली होती ना? बोटाने जेवढं चिडता येतं तेवढा तो चिडायचा.

"व्हय, एकदाच," ती म्हणायची. आणि पुढच्या टण्णला परत धावायची. तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण एका रिंगेवर विसंबून ती एकदा निघून गेली होती. आता तिचे पाय तिचं ऐकत नव्हते.

अर्शीने एकदा ते पाहिलं. "काकू, तुम्ही असं धावत आलात तर ते घाबरतात. त्यांना कळलंय ना काय सांगायचं ते? मग विश्वास ठेवा की." विश्वास ठेवा! स्कूटरवरून येणाऱ्या माणसाला बोलायला सोपं असतं. सुंदरा मान डोलावून चहा टाकायला गेली.

आणि मग जे व्हायचं ते झालं. अंगण नुकतंच सारवलेलं, आतून टण्ण झालं, सुंदरा गोठ्यातून पळत सुटली आणि ओल्या शेणावर पाय घसरून उंबऱ्यावर आपटली. कपाळ फुटलं. सिद्धू खाटेवरून समोर बघत होता. त्याच्या घशातून असा काही आवाज निघाला की शेळ्यासुद्धा ओरडायच्या थांबल्या. ती कपाळाला पदर दाबून रांगत त्याच्यापर्यंत गेली. "काय न्हाई झालं, काय न्हाई," म्हणत राहिली. रक्त पापणीवरून खाली येत होतं आणि ती ते त्याला दिसू नये म्हणून तोंड वळवत होती. त्याने डोळे मिटून घेतले.

त्या दिवसापासून घंटा मुकी झाली. सोनालीने दोरी हातात दिली, त्याने सोडून दिली. अर्शीने लाडीगोडी लावली, रागे भरली. तो भिंतीकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय असेल हे कुणाला सांगायची गरज नव्हती. मी वाजवली की ही पडते. मग नाही वाजवत.

वैशाखातली दुपार होती. नळाला पाणी आलं म्हणून सुंदरा हंडे घेऊन गेली. रांग होती, वेळ लागला. येऊन पाहते तर सिद्धू खाटेखाली भुईवर. तांब्या कोनाड्याखाली लवंडलेला, पाणी पसरलेलं, त्यात त्याचा उजवा हात मेल्यासारखा पडलेला. तहान लागली असावी. त्याने स्वतःच तांब्या घ्यायचा प्रयत्न केला होता. डाव्या हाताशी घंटेची दोरी लोंबत होती, वितीभरावर. त्याने ती ओढली नव्हती.

सुंदराच्या डोक्यावरचा हंडा कसा खाली आला तिला कळलं नाही. दुसऱ्यांदा हा माणूस भुईवर पडून राहिला होता आणि दुसऱ्यांदा ती पाठ फिरवून कुठेतरी होती. फरक इतकाच, की ह्या वेळी हाक का आली नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती त्याच्याजवळ बसली आणि तिला उठवेना. तो तिला उचलता येईना, स्वतःलाही उचलवेना. कितीतरी वेळ दोघं तशीच त्या पाण्यात.

शेवटी तिने बहिरूला हाक मारली. त्याने सिद्धूला खाटेवर घेतलं, काही मोडलं नाही ना ते बघितलं, आणि तिच्याकडे न बघता गेला. तिने कोरडा सदरा त्याच्या अंगात घातला, तांब्याने पाणी पाजलं. मग खाटेच्या पायथ्याशी बसली आणि बोलायला लागली. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं म्हणून पावलांकडे बघून बोलली.

"ऐका. त्या दिशी मला रिंग आली व्हती. एक. मी कुणालाच न्हाई सांगितलं. मला वाटलं, वाघर लागली, तुमी बरं हाये. मी हळदीला गेले. जेवले मी. नाचले पन. तुमी तितं पडल्यालं, आन् मी नाचत व्हते." तिने त्याच्या पायांवरची चादर ओढून सरळ केली. "सकाळधरनं रात पडंस्तोवर मी हेच इचारते सोताला. ती एकच व्हती, का दुसरी ऱ्हायली व्हती? सांगा मला. मारा मला, पन सांगा."

तिने मान वर केली. सिद्धू तिच्याकडेच बघत होता. डोळ्याच्या कडेने पाणी उशीवर जात होतं. त्याचा डावा हात हळूहळू, अर्शी 'अजून वर' म्हणते तसा, दोरीकडे गेला. इतक्या दिवसांनी घंटा वाजली.

टण्ण.

सुंदरा दोरीकडे बघत राहिली. दुसरी येते की काय? दुसरी आली नाही.

"एक? म्हंजी तवा तुमी बरं व्हता?"

टण्ण.

"वाघर लागली व्हती?"

टण्ण.

"खरं सांगताय?"

टण्ण.

तिला हलकं वाटायला हवं होतं. पण ती आयुष्यभर मेंढपाळाच्या घरात राहिलेली बाई, एवढी भोळी नव्हती. तिने डोळे पुसले आणि अगदी हळू विचारलं, "का माज्या जिवाला बरं वाटावं म्हून वाजवताय?"

सिद्धूचं अर्धं तोंड थरथरलं. हात दोरीवरच होता. पुन्हा एकदा वाजली.

टण्ण.

म्हणजे काय समजायचं? ह्या घंटेत 'बरं हाय' होतं आणि 'ये' होतं. 'खोटं बोललो' हे सांगायची सोय तिच्यात नव्हती. दोन टोले दिले असते तर ती समजली असती की तो मदत मागतोय. तिसरा टोला ह्या घरात कुणी ठरवलाच नव्हता. खरं असेल तरी तो एकच वाजवणार, आणि तिला वाचवायचं असेल तरी एकच. त्या संध्याकाळी टेपावर काय झालं, हे आता कधीच कळणार नव्हतं. जो माणूस तिथे होता तो तिच्या समोर होता, जिता होता, आणि तरीही कळणार नव्हतं.

"लई लबाड हाय तुमी," ती म्हणाली. आणि त्याच्या पावलांवर डोकं ठेवून तिने रडून घेतलं. बऱ्याच महिन्यांचं होतं, वेळ लागला. तो मधूनमधून एक टोला देत राहिला.

बोलून टाकलं की मन मोकळं होतं, असं लोक म्हणतात. असं म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा फारसं काही नसतं. दुसऱ्या दिवशीही सुंदराला पहाटे जाग आली ती हळदीच्या गाण्यानेच. तेच गाणं, तोच गजरा. फक्त तिने सोनालीला सांगून टाकलं. सोनाली म्हणाली, "आई, मी बी त्या रातीला तितंच नाचत व्हते की गं." त्याला औषध कुणाकडे होतं?

सिद्धूशी मात्र सुंदराने करार केला. "तुमी वाजवायचं. तान लागली की दोन, बरं असलं की एक. मी धावनार न्हाई." तो करार तिने पहिल्याच दिवशी मोडला. एक टोला पडला आणि ती खाटेशी हजर. त्याने बोट दाखवलं. ती परत गेली. पुढच्या वेळी अंगणापर्यंत आली आणि जीभ चावून मागे फिरली. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा खाटेशी. अर्शी म्हणाली, हळूहळू जमेल. काकांचं की काकूंचं, ते तिने सांगितलं नाही.

आणि एक संध्याकाळ आली. दिवस टेकला होता, पिरंगुटच्या बाजूने कारखान्याचा भोंगा झाला, सोनाली अजून यायची होती. सुंदरा गोठ्यात शेळीची धार काढत होती. आतून टण्ण झालं.

ती उठली. चरवी हातात तशीच. एक पाय गोठ्याबाहेर पडलासुद्धा. तिने गोठ्याच्या मेढीचा खांब घट्ट धरला आणि कान देऊन उभी राहिली. हीच वेळ होती, हाच उजेड. दुसरी येते का? शेळी मागून ढुशा देत होती. आत तो बरा असेल. आत तो पडलेला असेल, दुसऱ्या टोल्यासाठी हात पोचत नसेल. दोन्ही खरं असू शकत होतं. जाऊन बघितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि जाऊन बघितलं तर तो पुन्हा कधी वाजवणार नव्हता.

दुसरी आली नाही.

सुंदरा खाली बसली. आणि मग, का ते तिलाही सांगता आलं नसतं, तिने मनगटातलं चांदीचं कडं चरवीवर आपटलं. एकदाच. टण्ण.

इतक्या वर्षांत रिंग नेहमी तिकडून इकडे आली होती. इकडून तिकडे कधी गेली नव्हती. इकडंबी बरं हाय, असा तिचा अर्थ होता. ते खरं की खोटं, हे आत पडलेल्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. सुंदराला तरी कुठे माहीत होतं?

आत घटकाभर काहीच हललं नाही. मग घंटा वाजली, एक टोला. सुंदराने पदराने तोंड पुसलं, शेळीला जवळ ओढलं आणि अर्धवट राहिलेली धार काढायला घेतली.